एक्केचाळीस नंबरची फाइल

१

सकाळी साडेनऊला कारकून माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. रोज हा माणूस आधी खुर्ची ओढतो, मग चष्मा पुसतो, मग हवेबद्दल दोन वाक्यं बोलतो. आज उभ्याउभ्याच म्हणाला, "बाई, एक्केचाळीस नंबर नाही."

"नाही म्हणजे?"

"कपाटात नाही, टेबलावर नाही. आणि मी काही फायली घरी नेत नाही."

"तुमच्या घरचं मी विचारलेलं नाही," मी म्हटलं. चोराच्या मनात चांदणं, असं तोंडावर आलं होतं, पण सकाळी सकाळी नको म्हणून गिळलं.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर एका फाइलसाठी एवढा जीव खालीवर का झाला ते कळायचं नाही. आमचं केंद्र सरकारी योजनेवर चालतं. गरिबीत रुतलेलं कुटुंब आम्ही दोन वर्षांसाठी घेतो. नवरा-बायकोला एकेक काम शिकवतो, लिहायला-वाचायला शिकवतो, आणि दर महिन्याला आमची एक ताई घरी जाऊन तिथलं कसं चाललंय ते लिहून आणते. तिला सगळे भेटताई म्हणतात. कुटुंब एकेक पायरी चढतं. पाचवी पायरी आली की समिती बसते, फाइल बघते, सही करते आणि कुटुंबाला बाजारात स्वतःचा गाळा मिळतो. तिथे आमचा त्यांचा संबंध संपतो. फाइल त्याच संध्याकाळी कागद कातरायच्या मशीनमध्ये जाते. हा नियम माझा. उद्या कुणी उठावं आणि यांच्या गरिबीची पानं चारचौघांत उलगडावीत असं होऊ नये, म्हणून मी वरच्यांशी भांडून तो करून घेतला होता. मला त्याचा गर्व होता.

एक्केचाळीस नंबरची समिती आज दुपारी चारला होती. फाइल नाही तर सही नाही. सही नाही तर गाळा रांगेतल्या पुढच्या कुटुंबाला, म्हणजे बेचाळीस नंबरला जाणार, आणि दुसरा कधी निघेल ते कुणाच्या बापाला ठाऊक. दोघं नवरा-बायको दोन वर्षं त्या गाळ्यासाठी राबली होती. मी नोंदवही उघडली. एक्केचाळीसपुढे 'माणसं : तीन' असं होतं. त्यातला 'तीन' खोडून कारकुनाने वळणदार अक्षरात 'दोन' केलं होतं. चौदा महिन्यांपूर्वी त्यांची पावणेदोन वर्षांची मुलगी गेली.

"पोलिसांना कळवायचं का?" कारकुनाने विचारलं.

"साप साप म्हणून भुई धोपटायची घाई नको. फायलींच्या खोलीत काल कोण कोण आलं होतं?"

त्याने बोटांवर मोजलं. "मी. भेटताई. ती शिवणवाली, म्हणजे एक्केचाळीसचीच बाई, अर्जावर सही करायला आली होती. आणि तिचा नवरा, कपाटाचं बिजागर जोडायला. कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक भेटताईकडे." मग आवाज उतरवून म्हणाला, "मी कुणाचं नाव घेत नाही. पण ताई काल त्या खोलीतून रडत बाहेर पडल्या."

२

नाव घेत नाही म्हणणारी माणसं नाव घेऊनच थांबतात. मी त्याला पुढे घालून खोलीत नेलं.

लोखंडी कपाट, चार फळ्या, सगळ्या फायली एकाच निळ्या रंगाच्या, प्रत्येकीच्या पाठीवर ठळक आकडा. वरची फळी चौतीसपासून सुरू होते. चौतीस, पस्तीस, छत्तीस, असं चाळीसपर्यंत, मग रिकामी जागा, मग बेचाळीसपासून पुढे. मी चष्मा चढवला आणि नीट बघितलं. चौतीस ते चाळीस या सातही फायली पुढेमागे झालेल्या. त्यातल्या चार उलट्या लावलेल्या, आकडा डोक्यावर उभा. बेचाळीसच्या पुढे मात्र सगळं एका रेषेत, आमच्या कारकुनाच्या भांगासारखं.

"या तुम्ही अशा लावल्या?"

"मी? बाई, मी झोपेतसुद्धा फाइल उलटी लावणार नाही."

हे मला पटलं. मी एकेक फाइल उघडली. सातहीमध्ये मुलांचं पान उचकटलेलं, काठ बाहेर आलेला. बाकीची पानं जागच्या जागी होती.

"बेचाळीस नंबरची बाई तुमची कोण लागते?" मी एकदम विचारलं.

त्याची पाचावर धारण बसली. "मावसबहीण. पण बाई, शपथेवर सांगतो, गाळ्यासाठी मी असलं काही..."

"मग काय लपवताय? ताकाला जाऊन भांडं लपवू नका."

तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. बिजागर जोडायला शिवणवालीच्या वेल्डर नवऱ्याने कपाटाचा दरवाजाच काढून अंगणात नेला होता. दुपारी दोन ते चार कपाट सताड उघडं. कारकुनाने तिथून हलायचं नव्हतं, आणि हे महाशय चहाला गेले होते. एकदा नाही, दोनदा. म्हणजे किल्ल्यांचं सगळं प्रकरण फुकट गेलं. चौघांपैकी कुणीही हात घालू शकत होतं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "पहिल्यांदा परत आलो तेव्हा ताई कपाटापाशी उभ्या होत्या. त्यांच्या हातात एक्केचाळीसच होती."

३

भेटताई तिशीतली, बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून तर घरोघरी तिला आवडीने बसवून घेतात. आज मात्र मूग गिळून बसली होती.

"अगं, काल फाइल तुझ्या हातात होती ना?"

"होती. आज समिती म्हणून एकदा बघायला घेतली. बघितली आणि परत ठेवली. देवाशप्पथ ठेवली, बाई."

"मग रडलीस का?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मुलीची पानं निघाली हो मधूनच. तुम्हाला माहीत आहे ना, दर भेटीला आपण मुलाचा हात कागदावर ठेवून पेन्सिलने भोवती रेघ काढतो. वाढ कळते, मूल किती वेळ स्थिर बसतं तेही कळतं. ही कसली बसतेय. बडबडी म्हणायचे तिला सगळे. चार बोटं ठेवायची नीट आणि अंगठा हलवत राहायची. प्रत्येक पानावर अंगठ्याची रेघ दुहेरी आलीय. आज संध्याकाळी ते सगळं मशीनमध्ये जाणार, म्हणून बघत बसले आणि रडू आलं."

हे ऐकून मलाही कसंतरी झालं. पण चाळीस वर्षांत मी एक शिकलेय. माणूस एक खरं सांगतो तेव्हा पुष्कळदा त्याच्याआड दुसरं उभं असतं. कोण काय शिकलं ते लिहिलेली गुणांची पानं जागेवर होती का, असं मी विचारलं तेव्हा पदर गुंडाळणारे तिचे हात थांबले.

"चारपर्यंत फाइल मिळाली नाही तर गाळा जाईल," मी म्हटलं. "आणि शेवटची फाइल तुझ्या हातात दिसली, म्हणजे नोकरी तुझी जाईल. कळतंय का?"

तिने बोटाला गुंडाळलेला पदर सोडवला. मग म्हणाली, "बाई, माझ्यासाठी ती फाइल सापडली नाही तरच बरं होईल."

का, ते विचारायच्या आत ती उठून बाहेर गेली.

४

मी शिवणवर्गात गेले. एक्केचाळीसची बाई मशीनवर वाकून कॉलर लावत होती. बारीक चणीची, उत्तराला उत्तर देणारी, आधी फार हसरी होती. मुलगी गेल्यापासून तिच्यापुढे कुणी मुलांचा विषय काढला की उठून दुसऱ्या खोलीत जाते. मुलीचं नाव तिने चौदा महिन्यांत एकदाही घेतलेलं नाही, असं सगळे सांगतात.

"फाइल हरवली म्हणे," तिनेच सुरुवात केली. "बाई, आमचा गाळा जाणार का?"

"तू घेतलीस का?"

"मी कशाला घेऊ? मला तो गाळा आज हवाय. घरात बसवत नाही मला. दिवसभर चार माणसं येतील, मापं देतील, भांडतील, तेवढाच आवाज." तिने समोर टाचणीने लावलेली चिठ्ठी काढली आणि वाचून दाखवली, "बाही दीड इंच कमी, गळा मोठा नको, मागच्या वेळेसारखं करू नये. बघा, गिऱ्हाइकं आत्तापासून छळतात."

भरभर वाचलं तिने. दोन वर्षांपूर्वी हीच बाई अंगठा लावायची. मला अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी त्या सात फायलींचं कोडं डोळ्यांपुढे उभं राहिलं.

ज्याला आकडा वाचता येतो तो सरळ एक्केचाळीसला हात घालेल. हा माणूस फळीच्या डाव्या टोकाला सुरू झाला. चौतीस उघडली, ठेवली. पस्तीस उघडली, ठेवली. ठेवताना सरळ-उलटं त्याला कळलं नाही. एक्केचाळीस उघडली आणि थांबला, म्हणून पुढच्या फायलींना धक्काही लागलेला नाही. म्हणजे काय हवंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं, फक्त आकडा ठाऊक नव्हता. प्रत्येक फाइलमधलं मुलांचं पानच उचकटलेलं होतं. तो अक्षरं बघत नव्हता. हात बघत होता.

इथपर्यंत सगळं सरळ, आणि इथेच घोडं पेंड खात होतं. चौघांपैकी ज्याला वाचता येत नाही असं कुणीच नव्हतं. कारकुनाला येतं, भेटताईला येतं, ही आत्ताच माझ्यासमोर वाचत होती. आणि तिच्या नवऱ्याला 'साक्षर' अशी खूण असल्याशिवाय पाचवी पायरीच चढता येत नाही.

मी परत भेटताईकडे गेले. दार लावून घेतलं आणि विचारलं, "वाचनाच्या रकान्यातली बरोबरची खूण कुणी केली?"

ती ढसाढसा रडायला लागली.

"मी केली," ती म्हणाली. "मुलगी गेल्यावर तो वाचनाच्या वर्गाला आलाच नाही. कामाला यायचा, पाट्या टाकायचा, घरी जायचा. त्याला नावसुद्धा लिहिता येत नाही, बाई. पण त्या एका खुणेसाठी त्या बिचारीचा गाळा अडकला असता. फाइल समितीपुढे गेली आणि त्याला कुणी वाचून दाखव म्हटलं तर मी कामातून गेले असते."

५

वेल्डर मागच्या शेडमध्ये होता. तिशी-बत्तिशीचा, खांदे उतरलेला माणूस. मला बघून त्याने तोंडावरची काच वर केली आणि घाईघाईने स्टूल पुसलं.

"बसा, बाई."

मी बसले नाही. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आणलं होतं : 'फाइल तू कुठे ठेवली आहेस?' तो कागद मी त्याच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला. नजर ओळीवरून हळू फिरवली, अगदी वाचणाऱ्या माणसासारखी. ही सवय त्याने दोन वर्षांत कमावली होती. मग खिशातलं पेन काढलं.

"सही कुठे करू, बाई?"

मला त्याच्याकडे बघवेना. मी कागद परत घेतला. "सही नको. बाळा, फाइल दे."

पेन त्याच्या हातात तसंच राहिलं. मग त्याने खालचा पत्र्याचा पेटारा उघडला, वरची हत्यारं एकेक करून बाजूला ठेवली आणि चामड्याच्या एप्रनमध्ये गुंडाळलेली निळी फाइल काढून दिली. पानाला डागसुद्धा पडू दिला नव्हता.

"मागच्या आठवड्यात कारकुनांनी नियम वाचून दाखवले," तो म्हणाला. "गाळ्याचं ऐकून बायको हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. आणि मग ते कातरायचं आलं. ती हसतेय आणि मी मध्येच काय बोलू?"

"तिचं एखादं पान काढून घ्यायचंस. अख्खी फाइल कशाला उचललीस?"

"हाताची पानं कळली हो मला. अंगठा दोनदा उठलाय ना. रेघ काढताना मनगट मीच धरायचो तिचं. पण बाकीच्या पानांवर नुसती अक्षरं. त्यातलं तिचं कुठलं आणि आमचं कुठलं, मला काय कळणार? तिचं एखादं पान राहून गेलं असतं तर?"

सव्वातीन वाजले होते. मी फाइल तिथेच उघडली. समितीला गुणांची पानं लागतात, अर्ज लागतो. मुलीची पानं लागत नाहीत. ती बारा पानं मी सोडवली आणि त्याच्या हातात दिली.

"ही तुझी. मशीनमध्ये जाणार नाहीत. नियम मी केलाय, मीच मोडते. बाकीची फाइल चारला टेबलावर असेल. वाचनाच्या खुणेचं मी बघते, दोन महिने रोज माझ्यापुढे बसून शिकायचं. गाळा तुमचाच."

त्याने मान हलवली. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो. हा तसा नव्हता. त्याने पानं परत माझ्यापुढे धरली.

"बाई, एकदा वाचून दाखवाल का? बायकोला सांगता येत नाही. दुसरं कुणाला सांगू?"

६

मग मी स्टुलावर बसले. तो खाली, जमिनीवर.

मी वाचत गेले. भेटताईचं लिहिणं तिच्या बोलण्यासारखंच, पाल्हाळिक. 'वजन आठ किलो. दोन पावलं टाकली, तिसऱ्याला बसली. नवा शब्द : दे.' त्याने हळूच 'दे' म्हटलं. 'आज माझा चष्मा ओढला. नवे शब्द : बाबा, नको, अजून.' 'आईच्या मशीनचं पायडल दाबते, दोरा तुटला, आई रागावली नाही.' 'बाबा कामावरून आले की बूट उचलून आणते, एकच आणते, दुसरा विसरते.' इथे तो हसला. मोठ्याने नाही, पण हसला, आणि मनगटाने डोळे पुसले. मी हाताचं पान आलं की त्याच्यापुढे धरायचे. तो त्या रेघेवर स्वतःचा हात ठेवायचा नाही, फक्त बघायचा.

अकरावं पान काढलं. त्या पानावर हात नव्हता.

'गुरुवार. बडबडीला ताप, श्वास जोरात चाललाय. रेघ काढू दिली नाही. वडील उद्या तिला मोठ्या दवाखान्यात नेतो म्हणतात, सुट्टी हवी. त्यांच्या दोन गैरहजेऱ्या आधीच झाल्यात. बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या...'

मी थांबले.

मुलगी शनिवारी गेली. मी स्वतः त्यांच्या घरी गेले होते, त्या बाईच्या पाठीवरून हात फिरवला होता, आणि शहाण्यासारखं 'धीर धर' म्हणाले होते. गुरुवारचं मला काही म्हणजे काही आठवेना. असे कागद घेऊन रोज दहा जण यायचे. कामावर तिसरी गैरहजेरी झाली की कुटुंब कार्यक्रमाबाहेर, हा नियम होता आणि मी तो सगळ्यांना सारखाच लावायचे. कुणाला झुकतं माप दिलं नाही म्हणून लोक मला नावाजायचे.

समोरच्या माणसाला वाचता येत नव्हतं. त्या दोन ओळी मी गिळल्या असत्या तरी जगात कुणाला कळलं नसतं. खोटं कशाला सांगू, तो विचार माझ्या मनात येऊन गेला. पण तो माझ्या तोंडाकडे बघत बसला होता, मुलीचा शब्दन् शब्द ऐकायला आलेला माणूस. त्यातल्या दोन ओळी मी चोरणार होते.

'बाई म्हणाल्या,' मी वाचलं, 'तिसरी गैरहजेरी झाली तर दहा महिन्यांचं सगळं पाण्यात जाईल. शनिवारी न्या.'

 पान मी खाली केलं. मी म्हटलं, "ही बाई म्हणजे मी."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी दाराशीच उभा होतो. तुम्ही काहीतरी लिहीत होतात, मान वर नव्हती केलीत."

"मग तू कधी बोलला का नाहीस? रागावला का नाहीस?"

"कुणावर रागावू, बाई? तुम्ही नको म्हणालात आणि मी ऐकलं. बाप मी होतो. मी ऐकायला नको होतं."

मला माफी मागायची होती. शब्द सापडेना, आणि सापडला असता तरी त्याला त्याचं काय काम होतं? त्याने माझ्या हातातल्या शेवटच्या पानाकडे बोट दाखवलं.

"ते राहू द्या. पुढचं वाचा. पुढे काय लिहिलंय तिचं?"

मी पान उलटलं. छापील रकाने होते. वजन. उंची. नवे शब्द. भेटताईने पुढच्या भेटीची तारीख आधीच घालून ठेवली होती. तारखेखाली काही नव्हतं.

"पुढे काही लिहिलेलं नाही रे," मी म्हटलं.

 मग माझ्या मांडीवरची पानं त्याने एकावर एक सारखी केली, पहिलं पान वर येईल अशी, आणि माझ्याकडे सरकवली.

"मग पहिल्यापासून वाचा," तो म्हणाला.

आणि मी पहिल्यापासून वाचायला लागले.